फळ्यावर राखलेली ओळ

दादा गेल्याची बातमी मला एकाच सकाळी तिघांनी कळवली आणि तिघांच्या बातम्या तीन होत्या. मी दादरला शाळेच्या कार्यालयात दहावीचे अर्ज तपासत बसले होते. पहिला फोन गिरगावातल्या मावसभावाचा, "अगं, अरविंदला रस्त्यात चक्कर आली म्हणे." दुसरा दादाच्या जुन्या कचेरीतल्या कोणाचा तरी. तो म्हणाला, दवाखान्यात नेताना वाटेत गेला. मग आमच्या नायगावच्या सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या चित्राखाली 'दीर्घ आजाराने' असं आलं. दादाला सर्दीखोकल्यापलीकडे कधी काही झालेलं मला आठवत नाही. त्यानंतर आलेल्या फोनला मी बोलूच दिलं नाही. सरळ फणसवाडीत वहिनीला फोन लावला. "वहिनी, तू सांग. काय झालं?" वहिनीचा आवाज अगदी सपाट होता. "चहा टाक म्हणाले. मी टाकला. गाळून आणला तर खुर्चीतच... पेपर मांडीवर तसाच होता." मी अर्जांचा गठ्ठा बांधला, कुठवर तपासले त्याची चिठ्ठी वर खोचली आणि मगच उठले. टॅक्सीत बसल्यावर रडू आलं, आणि रडता रडता लक्षात आलं की मी आत्ता जे केलं ते दादाचंच होतं. कोण काय म्हणतंय ते बाजूला ठेव, तिथे कोण होतं त्याला विचार. हे तो मला सतत सांगायचा. पण त्याला स्वतःला हे फार उशिरा कळलं होतं, आणि ते कसं कळलं हे शोकसभेत कोणीच बोललं नाही, म्हणून हा लेख.

आम्ही लालबागच्या चाळीतले. वडील गिरणीत, आई घरी खानावळ चालवणारी. चाळीच्या तोंडाशी मंडळाचा काळा फळा होता, अजून आहे. पाणी कधी येणार, कोणाच्या घरी मयत झालं, गणपतीच्या वर्गणीची सभा कधी, आपल्या संघाचा कबड्डीचा सामना कुठे, सगळं त्याच्यावर. दादाचं अक्षर चांगलं म्हणून शाळेत असल्यापासून फळा लिहायचं काम त्याच्याकडे होतं. मी खाली उभी राहून खडू आणि ओला फडका पुरवायची. तो लिहायचा, मी मागून वाचून चुका सांगायची. पुढे तो एका मराठी दैनिकात क्रीडा वार्ताहर झाला तेव्हा आई शेजारणींना सांगायची, "आमचा अरू मोठा फळा लिहितो." लग्नानंतर तो फणसवाडीत राहायला गेला, पण संध्याकाळ मात्र लालबाग-परळच्या मैदानांतच जायची. मातीवर रुमाल पसरून गुणलेखकाच्या टेबलाशेजारी बसणारा उंच माणूस म्हणजे अरविंदच, हे सगळ्यांना माहीत. मोठ्या खेळांचे पत्रकार विमानातून फिरायचे. हा चालत जायचा आणि कबड्डी, खो-खोच्या पोरांची नावं पेपरात आणायचा. त्याने नाव छापलं की पोराच्या घरी ते कात्रण काचेत लागायचं. एवढा विश्वास. म्हणूनच पुढचं जे झालं ते इतकं लागलं.

आमच्या मंडळाच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक विलास मास्तर. हे दादाचे बालमित्र, आमच्या समोरच्याच खोलीतले. एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आमचा संघ पुढे असताना मास्तरांनी मध्यंतरानंतर निलेशला, म्हणजे सगळ्यात चांगल्या चढाईपटूला, बाहेर बसवलं. कारण सांगितलं नाही. निलेशही गप्प. आघाडी गेली, सामना गेला. मैदानात आरडाओरडा, चपला सुद्धा आल्या. मी तिथे होते, एवढं मी स्वतः पाहिलं आहे. यापुढचं मला नंतर दादाने सांगितलं. त्या संध्याकाळी मंडळातल्या एकाने त्याला बाजूला घेतलं आणि नाव न घेण्याच्या बोलीवर सांगितलं, "मास्तर सकाळी परळच्या हॉटेलात समोरच्या संघाच्या कोचबरोबर बसले होते. पाकीट घेतलं. समज काय ते." दादाचा नियम होता, एकाच्या सांगण्यावर बातमी द्यायची नाही. म्हणून त्याने मंडळातल्याच दुसऱ्याला फोन केला. तोही तेच म्हणाला. दोन झाले. दुसऱ्या दिवशी दादाच्या नावाने बातमी आली... 'मंडळाच्या अंतर्गत गोटातील विश्वसनीय सूत्रांकडून कळते की' वगैरे. मास्तरांना त्याने विचारलं का? विचारलं. मास्तर म्हणाले, "मला काही बोलायचं नाही." दादाने तेही छापलं, आणि छापल्यावर ते कबुलीसारखं दिसत होतं. शब्द जसेच्या तसे छापले तरी छापल्यावर त्यांचा वास असा बदलतो.

मास्तरांचं काय झालं ते सांगायला सूत्र लागत नाही. मंडळाने सभा न घेताच त्यांना संघापासून दूर केलं. राज्याच्या शिबिरासाठी त्यांचं नाव पुढे होतं, ते मागे पडलं. चाळीच्या जिन्यावर पोरं त्यांना बघून "पाकीट आलं रे" म्हणायची. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत पाण्याची बादली वर न्यायचे. त्यांची बायको आमच्या आईकडे येऊन बसायची आणि शेंगा निवडू लागायची. आई एकदा दादाला म्हणाली, "अरू, तू बघितलंस का रे पाकीट?" दादा चिडला. "आई, आमच्या कामात असं नसतं." आईने मान हलवली आणि त्याला जेवायला वाढलं. बस्स.

मग एका रविवारी मी फणसवाडीत वहिनीला पापडाचं पीठ द्यायला गेले होते. दार वाजलं. निलेश. हातात पेढ्यांचा बॉक्स. "काका, पेढे घ्या. नोकरी लागली, खेळाडूंच्या कोट्यातून." दादा खूश. "अरे वा! बस, बस. चहा घे." निलेश बसला नाही. म्हणाला, "पहिला बॉक्स मास्तरांकडे दिला. दुसरा तुमच्याकडे आणला, कारण तुम्हाला सांगायचंय. त्या दिवशी पहिल्या डावात माझा दुखरा गुडघा वळला होता. पुढच्या आठवड्यात नोकरीची चाचणी. गुडघा गेला अशी नुसती आवई उठली असती तरी माझं नाव कापलं असतं, आणि आपल्याकडे आवई किती चालते ते तुम्हाला माहितीय. म्हणून मास्तरांनी मला बाहेर काढलं आणि मला शपथ घातली, नोकरीचं पत्र हातात येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. सकाळपासूनच दुखत होता, म्हणून ते त्या कोचकडे गेले होते. त्याच्याकडचा गुडघ्याचा पट्टा आणला, डॉक्टरचा पत्ता आणला. तेच तुमचं पाकीट." बॉक्स टेबलावर ठेवून तो दाराशी गेला आणि वळून म्हणाला, "खा हां काका. नोकरीचे आहेत, नाही म्हणू नये." दादाने पेढा उचलला. नोकरीच्या पेढ्याला कोण नाही म्हणतो? तो खाल्ला, बराच वेळ चावत राहिला, आणि मग त्याने त्या दोघांना फोन केले. दुसऱ्याने हॉटेलात काहीच पाहिलेलं नव्हतं. त्याला ते पहिल्यानेच सांगितलं होतं. आणि पहिल्याने पट्ट्याची पिशवी रस्त्यापलीकडून पाहिली होती. फोन ठेवून दादा मला म्हणाला, "शैला, दोन बादल्या भरल्या गं मी. नळ एकच होता."

दुसऱ्या दिवशी तो संपादक साहेबांकडे गेला. म्हणाला, त्याच पानावर, त्याच जागी, माझ्या नावाने खुलासा द्या, बातमी खोटी होती असं स्पष्ट लिहून. साहेबांनी विचारलं, कोणाची तक्रार आलीय? नोटीस? नाही ना? मग झोपलेल्याला कशाला उठवायचं? आणि एक वाक्य म्हणाले ते दादा पुढे कित्येक वर्षं मला ऐकवत असे, "आपण कुठे म्हणालो, अरविंद? सूत्रं म्हणाली." शेवटी बुद्धिबळाच्या निकालांखाली बारीक टायपात चार ओळी आल्या. 'सदर वृत्ताचा संबंधितांनी इन्कार केला आहे.' म्हणजे बातमी खोटी नव्हती, मास्तरांनी फक्त इन्कार केला होता! तो पेपर घेऊन दादा माझ्याकडे नायगावला आला. बसेना. या खिडकीशी, मग त्या खिडकीशी. मी म्हटलं, "नुसता फिरू नकोस. ही बातमी कोणी कोणी वाचली? कुठे वाचली?" तो म्हणाला, "पेपरात किती वाचली माहीत नाही. पण आपल्या फळ्यावर कोणीतरी ती लिहून काढली होती, तिथे सगळ्यांनी वाचली." मी म्हटलं, "मग झालं. फळा लिहिता येतो ना तुला?" मी कागद घेऊन यादी केली. खडू, फडका, स्टूल, मंडळाच्या चिटणिसाची परवानगी, वेळ रविवारी सकाळी, नळाला पाणी असताना, म्हणजे सगळे खाली असतात.

चिटणीस बंड्या. परवानगीला का-कू करू लागला. "काका, फळा मंडळाच्या कामासाठी असतो. हे कुठं त्याच्यावर?" मी म्हटलं, "बंड्या, खोटी बातमी लिहिलीत तेव्हा मंडळाचं काम होतं का? रक्तदानाची सूचना खाली आहे, ती पुसत नाही. वरची जागा मोकळी आहे. स्टूल धर." त्याने स्टूल धरलं. दादाने लिहिलं, त्याच त्याच्या गोल अक्षरात, 'विलास मास्तरांनी पैसे घेऊन सामना सोडला ही माझी बातमी खोटी होती. ज्यांनी मला सांगितलं त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पाहिलं का, हे मी नीट विचारलं नाही. चूक माझी.' आणि खाली पूर्ण नाव. बादल्या घेऊन उभी असलेली माणसं फळ्याजवळ सरकली. तेवढ्यात गॅलरीतून पार्वतीमावशी ओरडली, "रे मेल्या अरू, काय लिवलंस ता मोठ्यान वाच, माका दिसणा नाय!" कोणीतरी हसलं. दादाने वाचलं. मोठ्याने. "परत!" मावशी म्हणाली. त्याने परत वाचलं. मी त्याच्या मागे उभी होते, त्याच्या सदऱ्याची पाठ ओली झालेली मला दिसत होती. पुढे त्या महिन्यात आम्ही परळ, नायगाव, दादरच्या आणखी काही फळ्यांवर तेच लिहिलं, पण तिथे वाचून दाखवायला कोणी लावलं नाही.

मास्तर खांद्यावर टॉवेल टाकून खाली आले. फळा पूर्ण वाचला. म्हणाले, "अक्षर तसंच आहे तुझं." मग विचारलं, "अरू, नाव काय त्याचं?" दादा म्हणाला, "विलास, ते सांगणार नाही. शब्द दिलाय." मास्तर हसले, पण ते हसणं मला बघवलं नाही. "तुझा शब्द राहिला, छान झालं. माझं काय? मी याच लोकांत बसतो. याच्या हातचा चहा घेतो, त्याच्या पोराला खांद्यावर घेतो. रोज एकेकाचं तोंड बघतो, हाच का? का तो? फळ्याने माझं नाव धुतलं रे, पण सगळ्या चाळीला काळं लावून ठेवलंस तू." त्यानंतर ते दादाशी बोलले नाहीत. मंडळाने परत बोलावलं तरी गेले नाहीत. नायगावच्या मैदानात मुलींचा संघ घेऊन शिकवायला लागले. मी कामावरून परतताना त्यांची शिट्टी ऐकू यायची.

मी दादाशी यावरून भांडले आहे, एकदा नाही, अनेकदा. मी म्हणायची, त्याने खोटं सांगितलं, मग शब्द कसला पाळतोस? नाव सांगितलंस की मास्तर सुटतील. तो म्हणायचा, "खोटं त्याने मला सांगितलं. छापलं मी. त्याचं नाव सांगितलं की सगळे त्याच्याकडे वळतील आणि माझ्याकडे कोणी बघणार नाही. मला तेच सोपं पडेल, म्हणून ते करायचं नाही." मला हे तेव्हाही पूर्ण पटलं नाही, आजही नाही. पटतं, आणि मग नायगावच्या मैदानातली ती शिट्टी आठवली की पटत नाही. दादालाही ते सुखाने पेललं असं नाही. निवृत्त झाल्यावर तो रोज सकाळी लाल पेन्सिल घेऊन पेपर वाचायचा. क्रीडा पानावर 'समजते', 'बोलले जाते', 'सूत्रांच्या म्हणण्यानुसार' दिसलं की गोल. अमक्या कर्णधाराचं तमक्याशी पटत नाही, गोल. फलाण्या खेळाडूने निवृत्तीचं ठरवलं, गोल. आणि मग फोन. "तू स्वतः बोललास का त्याच्याशी? मग कोण बोललं? तो तिथे होता का?" नवीन पोरं त्याला मागे हेडमास्तर म्हणायची आणि फोन उचलायची नाहीत. दोन-तीन जण उचलायचे. त्यांच्यातल्या एकीने सांत्वनाला आल्यावर मला सांगितलं की त्याच्या फोनच्या भीतीने तिने एक बातमी थांबवली होती, आणि ती खरंच खोटी निघाली. हे तिने सांगितलं, मी पडताळलेलं नाही. आणखी एक गोष्ट आमच्या फळ्याने धरली. त्या रविवारनंतर चाळीत रिवाज पडला, जो फळ्यावर लिहील त्याने खाली नाव घालायचं. पाण्याची वेळ असली तरी नाव. बंड्या कुरकुरत का होईना, नाव घालायचा.

शोकसभा दादरला झाली. वक्त्यांची यादी, फोटो, हार, पाणी, सगळं मी बघितलं, कारण हात रिकामे ठेवणं मला शक्य नव्हतं. सतरंज्या आणि माईक आमच्या मंडळाकडून आणले. एकामागून एक माणसं उठली आणि सचोटी, निर्भीडपणा वगैरे बोलली. मास्तर आले नव्हते. मला ते शब्द ऐकवेनात. मी आमच्या चाळीच्या रांगांकडे बघत बसले. त्याच रांगांत तो पाकिटाचं सांगणारा होता ना! एकजण फार रडत होता. एकजण सभा संपायच्या आधी उठून गेला. एकाने माझी नजर टाळली... आणि मग मला दादाचाच आवाज ऐकू आला, तू पाहिलंस का? नाही पाहिलं. वाटलं. म्हणून नावं लिहीत नाही. पण एका दुपारभरात मास्तरांची इतक्या वर्षांची खोड मला लागली हे खरं.

दुसऱ्या दिवशी मी सतरंज्या परत करायला लालबागला गेले. फळ्यासमोर मास्तर उभे होते, कमरेवर हात. फळ्यावर लिहिलं होतं, 'ज्येष्ठ क्रीडा पत्रकार अरविंद यांचे दीर्घ आजाराने दुःखद निधन.' खाली नाव कोणाचंच नाही. मी बंड्याला हाक मारली. "कोणी लिहिलं हे?" "ताई, ग्रुपवर आलं तसं लिहिलं." "कोणी?" "कार्यकर्त्यांनी." मास्तर खळखळून हसले. "बघ शैला. अरूचीच बातमी, आणि तीही अशीच." मग हसू ओसरलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला तरी बोलला का?" मी म्हटलं, "नाही, मास्तर. मी कितीदा विचारलं. नाही बोलला." "खरं?" "खरं." त्यांनी फळ्यावरचा मजकूर परत वाचला. "म्हणजे आता सांगणाऱ्यांनाच माहीत आहे," म्हणाले.

त्यांनी खडू उचलला. "कसा गेला?" मी सांगितलं, चहा मागितला, खुर्चीतच. "तू होतीस तिथे?" "मी नव्हते. वहिनी होती." "मग तिला फोन लाव." मी लावला. मास्तरांनी फोन हातात घेतला. इतक्या वर्षांत वहिनीशी त्यांचं हे पहिलंच बोलणं. "वहिनी, विलास बोलतोय, लालबागचा... हो, तोच. एक विचारायचं होतं. तुम्ही स्वतः बघितलं ना? कसं झालं?" मग नुसतं ऐकत राहिले. खडूचा हात खाली आलेला. शेवटी "बरं" म्हणाले, फोन मला दिला, ओल्या फडक्याने 'दीर्घ आजाराने' पुसलं आणि तिथे लिहिलं, 'घरी, खुर्चीत, पेपर वाचताना'. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. आणि त्याच्याखाली फळ्याच्या कडेपर्यंत एक आडवी रेघ मारून एक ओळ रिकामी ठेवली.

"ही कशाला?" बंड्याने विचारलं.

"कोणाला नाव घालायचं असेल तर," मास्तर म्हणाले. "ही पुसायची नाही."

तेराव्यानंतर निधनाची सूचना पुसली गेली, ते रीतीप्रमाणेच. परवा मी चाळीत गेले होते तेव्हा फळ्यावर टाकी धुण्याची वेळ होती, बंड्याच्या नावासकट. त्याच्याखाली ती रेघ कोणीतरी खडूने परत ठळक केलेली होती. मी पुढे होऊन नीट बघितलं, हाताने सुद्धा चाचपून बघितलं. ओळ कोरी आहे. पुढच्या रविवारी परत जाणार आहे, सकाळी, नळाला पाणी असताना.